लेकाचं तोंड बोटभरसुद्धा उघडत नाही, काड्यांचा व्यायाम चालू ठेवू की थांबवू?

निमूट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. विषय किचकट आहे आणि लिहिताना माझा गोंधळ होणार हे आधीच सांगते.

लेक साडेचार वर्षांचा आहे. जन्मल्यापासूनच त्याचं तोंड पूर्ण उघडत नाही. अंगावर पिताना पकडच बसायची नाही, तेव्हा सगळे म्हणायचे आळशी बाळ आहे, शिकेल हळूहळू. मग चमच्याने पाजलं, पातळ करून भरवलं, आणि दात आले तेव्हा कुठे लक्षात आलं की वरच्या-खालच्या दातांच्या फटीत माझी करंगळी पण जात नाही. आता पट्टीने मोजते, ९ मिमी. रडताना ९, जांभई देताना ९, खो खो हसताना पण ९. दुखत मात्र काही नाही त्याला. हनुवटी किंचित डावीकडे गेलेली आहे, फोटोत जास्त कळतं. बोलतो व्यवस्थित, उलट जरा जास्तच बोलतो.

एका डॉक्टरांनी मोठा एक्सरे (तो तोंडाभोवती फिरतो तो) बघून सांगितलं की जबड्याचा सांधा जन्मतःच जुळलेला आहे, ऑपरेशन लागेल. दुसरे म्हणाले लहान आहे, आधी व्यायाम करून बघा, आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या लाकडी काड्या दातांत धरायच्या आणि रोज एक वाढवायची. दहा दिवस केलं. मी हात धरते, हे डोकं धरतात आणि तो रडतो. ९ चे ९.५ सुद्धा झाले नाहीत आणि काल बघितलं तर खालचा पुढचा दात हलायला लागलाय.

चालू ठेवू का? किती दिवसांनी फरक पडतो? ज्यांनी यातून मूल नेलंय त्यांनी प्लीज लिहा.

सोनचाफी

निमूट, आधी एक मोठी मिठी. आम्ही यातून गेलोय. आमचं जन्मजात नव्हतं, लेक सात महिन्यांची असताना कानाचं इन्फेक्शन जबड्याच्या सांध्यात उतरलं आणि दोन्हीकडचा सांधा हाडाने जुळून आला. सहाव्या वर्षी ऑपरेशन झालं. काड्यांवर विश्वास ठेव, आमचं सगळं काड्यांनीच टिकलंय! ऑपरेशन टेबलावर ३६ मिमी उघडलं होतं, आठवड्यात सूज आणि दुखण्याने २२ वर आलं, मी घाबरून गेले, मग दिवसातून पाच-सहा वेळा नेमाने केलं आणि तीन महिन्यांनी ३३ वर स्थिर झालं. रडली तरी सोडू नकोस, आत्ता दया दाखवलीस तर पुढे तिलाच, आय मीन त्यालाच, त्रास.

अंगठेबहाद्दर

थांबा. सोनचाफीताई, तुमचा अनुभव खरा आहे पण प्लीज असं सरसकट लिहू नका.

निमूटताई, काड्या आजच्या आज बंद करा आणि आधी दोन गोष्टी सांगा. एक, त्याच्या पायाचे अंगठे कसे आहेत? आखूड, बाकीच्या बोटांकडे वळलेले आहेत का, जन्मापासून? दोन, तोंड आधी नीट उघडायचं आणि मग बंद होत गेलं, की पहिल्या दिवसापासूनच असं आहे?

विचित्र प्रश्न वाटतील. का विचारतोय ते सांगतो. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचे दोन्ही अंगठे असेच होते, सगळ्यांनी बघितले, कुणी काही बोललं नाही. सहा वर्षांची होईपर्यंत तोंड झकास उघडायचं, तिची तीन बोटं उभी आरामात जायची. खालची दाढ किडली म्हणून जबड्यात मागे खोलवर भुलीचं इंजेक्शन दिलं. दहा-बारा दिवसांनी गाल सुजला, कडक झाला, आणि तोंड मिटत मिटत अर्ध्या बोटावर आलं. आम्हाला सांगितलं स्नायू आखडलाय, जोर लावून उघडा. आम्ही लावला. तीन आठवडे लावला. जेवढा लावला तेवढं अजून बंद झालं, आणि जे बंद झालं ते आजपर्यंत उघडलेलं नाही.

तिला एफओपी आहे, लांबलचक नाव फायब्रोडिसप्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा. दहा-वीस लाखांत एखाद्याला होतो. यात स्नायूला मार लागला, सुई लागली, ताण बसला, की दुरुस्ती करताना शरीर तिथे स्नायूऐवजी हाड बनवतं. एसीव्हीआर१ नावाच्या जीनमधला बदल आहे, २००६ साली सापडला, म्हणजे रक्ताच्या तपासणीत कळतं, बायोप्सी लागत नाही. बायोप्सी तर करायचीच नाही, कारण ती पण जखमच. वाढलेलं हाड कापून काढलं तर आणखी जास्त हाड येतं म्हणून ऑपरेशनपण नाही. स्नायूत दिली जाणारी इंजेक्शनं नाहीत, जबडा ताणणं नाही, खालच्या जबड्यातलं ते खोल भुलीचं इंजेक्शन तर अजिबात नाही.

हॅरी ईस्टलॅक नावाचा एक अमेरिकन माणूस होता, १९७३ साली चाळिशी गाठायला काही दिवस कमी असताना गेला. शेवटी त्याला फक्त ओठ हलवता यायचे. स्वतःचा सांगाडा त्याने अभ्यासाला दिला, फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममधे उभा आहे. मी त्याचा फोटो प्रिंट करून फाइलमधे ठेवलाय, आणि नवीन डॉक्टर 'थोडंसं उघडून बघू' म्हणाले की आधी तो पुढे करतो.

ताई, तुमच्या लेकाला हेच असेल असं मी म्हणत नाहीये, बहुतेक नसेलच. पण का उघडत नाही हे कळल्याशिवाय उघडायला जाऊ नका एवढंच म्हणणं आहे.

निमूट

बापरे. आत्ता झोपलेल्या पोराचे मोजे काढून बॅटरीच्या उजेडात अंगठे बघून आले. सरळ आहेत, लांबीला नॉर्मल वाटतात. आणि तोंड पहिल्या दिवसापासूनच असं आहे, आधी उघडायचं असं कधीच नव्हतं. काड्या बंद केल्या. हात थरथरतायत, उद्या लिहिते.

सोनचाफी

अंगठेबहाद्दर, सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं. वरचं 'रडली तरी सोडू नकोस' मागे घेते.

दाढदुखी

लहान मुलांचा दाताचा डॉक्टर आहे, नावावर जाऊ नका. इथे बसून निदान होत नाही हे आधी सांगतो, पण प्रश्न कुठले विचारायचे ते सांगू शकतो.

खालच्या जबड्याच्या मागच्या टोकाला दोन शिंगं असतात असं समजा. मागचं शिंग कानासमोरच्या खोबणीत बसतं, तोच जबड्याचा सांधा, कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, हलताना लागेल. पुढच्या शिंगाला कोरोनॉइड म्हणतात. कानशिलावरचा चावण्याचा मोठा स्नायू त्याला येऊन धरतो, आणि तोंड उघडताना हे शिंग गालाच्या हाडाच्या आतून खाली-पुढे सरकतं. आता तोंड न उघडण्याची कारणं मोजा. मागचं शिंग कवटीला जुळलं तर उघडणार नाही. पुढचं शिंग वाजवीपेक्षा लांब असेल तर ते गालाच्या हाडावर आपटणार, उघडणार नाही, किंवा काही मुलांत जन्मतःच त्या हाडाला चिकटलेलं असतं. वरचा आणि खालचा जबडाच एकमेकांना जुळून आलेला असतो, हे फार दुर्मिळ पण असतं. हाडं ठीक पण स्नायू-कंडरा आखूड असतात, जसं हेश्ट सिंड्रोममधे, तिथे मनगट मागे वाकवलं की बोटं आपोआप मिटतात ही ओळखीची खूण. अर्थ्रोग्रायपोसिसमधे जन्मतःच बरेच सांधे आखडलेले असतात, त्यांच्यासारखा जबडाही आखडलेला असतो. आणि काही मुलांचा जबडा चांगला असतो पण ओठांचं भोकच लहान असतं, तो वेगळाच मामला.

बाहेरून हे सगळं एकसारखंच दिसतं, ९ मिमी.

आता दाताबद्दल. दुधाचे पुढचे दात साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास हलायला लागतात, साडेचारला नाही. म्हणजे तो दात तुमच्या काड्यांनी हललाय. मधे हाडाचा अडसर असेल तर काड्यांनी हाड काही वाकत नाही, सगळा जोर त्या चार कोवळ्या दातांवर जातो. मऊ ठेवा, त्याने चावू नका, बहुतेक वेळा असा दात परत घट्ट होतो.

फिरणाऱ्या एक्सरेवर भिस्त ठेवू नका. त्यात गालाचं हाड नेमकं कोरोनॉइडवर येऊन बसतं आणि काय कशाला चिकटलंय ते दिसत नाही. सीटी स्कॅन हवा, थ्रीडी करून, दोन्ही बाजू.

गमतीची गोष्ट, एका बाजूचा सांधा जुळला की आजारी बाजू भरलेली गोबरी दिसते आणि चांगली बाजू चपटी. नवशिके चांगल्याच बाजूला बोट दाखवतात. हनुवटी कुठे झुकलीय ते बघायचं, ती आजारी बाजूकडे जाते. तुमची डावीकडे म्हणताय, म्हणजे डावी बाजू नीट बघायला सांगा.

ठिसूळ हाडांच्या मुलांबद्दल एक वाक्य टाकून ठेवतो, कारण धागा आणखी कुणी वाचेल. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा असेल तर जोर लावल्यावर जबडाच मोडू शकतो. ऑस्टिओपेट्रोसिसमधे हाड दगडासारखं पण रक्तपुरवठा कमी, साधी दाढ काढली तरी जबड्यात पू होऊन महिनोन्महिने भरत नाही. तिथे दात किडूच न देणं हाच खरा उपचार.

जुनाजाणता

इतकं घाबरवताय कशाला हो तिला. कोमट तेलाने कानाखाली रोज जोरात मालिश करा, अंगठे आत घालून हळूहळू ताण द्या, पूर्वी असंच करायचे आणि मुलं बरी व्हायची.

अंगठेबहाद्दर

काका, आदर ठेवून सांगतो, वरचा माझा प्रतिसाद परत वाचा. 'जोरात' या शब्दानेच आमचं वाटोळं झालंय.

दाढदुखी

+१. आणि 'बरी व्हायची' ती मुलं बहुधा स्नायू आखडलेली होती, हाड जुळलेली नव्हती. जी बरी झाली नाहीत त्यांची गोष्ट सांगायला कोणी आलं नाही.

ताणतणाव

फिजिओ आहे. काड्यांची बदनामी होतेय म्हणून लिहिते :) काडी वाईट नाही, चुकीच्या तोंडात वाईट.

आम्ही तपासताना आधी उघडतं तितकं उघडू देतो आणि मग टोकाला बोटाने अगदी हलका दाब देतो. रबर ओढल्यासारखं लागलं, एक-दोन मिमी हलकेच मिळाले, तर मऊ पेशी आखडलेल्या आहेत, तिथे व्यायामाला वाव आहे. भिंतीला हात टेकल्यासारखं लागलं, एक केसभर हलत नाही, तर हाड. भिंतीला व्यायाम नाही देत कोणी. निमूट यांचं 'रडताना ९ हसताना ९' वाचून मला तरी भिंत वाटतेय, पण बोटाखाली नसताना काय बोलणार. आणि हो, एफओपीची शंका असेल तर ही तपासणीपण करायची नाही.

जिथे व्यायाम द्यायचाच आहे, म्हणजे ऑपरेशन झाल्यावर किंवा अर्थ्रोग्रायपोसिससारख्यात, तिथे काही गोष्टी. काड्या पुढच्या दातांत नाही, बाजूला दाढांकडे, म्हणजे जोर चार-सहा दातांवर वाटला जातो. एक काडी जेमतेम दीड-दोन मिमीची, तेव्हा रोज एक वाढवा हा सल्ला माझ्या मते अघोरी आहे, काही मुलांना एका काडीला दोन आठवडे लागतात. दुखण्याचं औषध दिलेलं असेल तर ते अर्धा-पाऊण तास आधी. गालावर गरम ओला टॉवेल. आणि थोडं थोडं, अनेकदा. मोठ्या माणसांसाठी थेराबाइट नावाचं जबडा उघडायचं यंत्र मिळतं, त्याचा सात-सात-सातचा पाढा आहे, सात वेळा ताण, प्रत्येकी सात सेकंद, दिवसातून सात खेपा. लहान मुलाला तसाच्या तसा लावत नाहीत पण तत्त्व तेच.

रोज एकाच वेळी, एकाच पट्टीने, त्याच दोन दातांमधे मोजा. सकाळी आखडलेलं असतं, संध्याकाळी दोन मिमी जास्त दिसतं आणि आई उगाच खूश होते.

वाकडंबोट

मी आई-बाबा पण नाही आणि डॉक्टर पण नाही, मी तो मुलगा आहे. आता तिशी पार केलेला. अर्थ्रोग्रायपोसिस, मनगटं, गुडघे आणि जबडा. लहानपणी १४ मिमी होतं, आता २३ आहे आणि माझं बरं चाललंय.

फायदा झाला व्यायामाचा, नाकारत नाही. पण मला विचाराल तर त्यातलं काय आठवतं, तर काड्या नाही आठवत. डोकं धरून ठेवलेले हात आठवतात. बाबांच्या हाताला साबणाचा वास यायचा, तो वास आला की अजूनही माझा जबडा आवळला जातो, आणि गंमत म्हणजे आवळलेला जबडा ताणण्यात काही अर्थच नसतो, स्नायू उलटा ओढत असतो. आठव्या वर्षी एका फिजिओताईने काड्या माझ्याच हातात दिल्या आणि म्हणाली तू ठरव किती, मी फक्त मोजणार. त्या वर्षात जितकं वाढलं तितकं आधीच्या चार वर्षांत नव्हतं वाढलं.

निमूट, तुमचा धागा वाचताना 'मी हात धरते, हे डोकं धरतात' इथे पाच मिनिटं थांबलो होतो. दोष देत नाहीये. फक्त पुढे कधी व्यायाम करायची वेळ आली तर तो त्याच्या हातात द्या.

निमूट

वाकडंबोट, तुमचा प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, उठून त्याच्या अंथरुणाशी जाऊन बसले.

सीटीची तारीख मिळालीय. पण तिथे म्हणाले मूल हलू नये म्हणून झोपेचं औषध पाजू. ते चालतं ना?

भूलथाप

नाही!! म्हणजे असं सरळ नाही. भूलतज्ज्ञ आहे, आणि तोंड न उघडणारं मूल म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, का ते समजावून सांगते.

झोपेच्या औषधाने श्वास मंदावला, जीभ मागे पडली, तर साध्या मुलाचं तोंड उघडून आम्ही क्षणात नळी घालतो. तुमच्या मुलाचं तोंड ९ मिमी. तिथून आमची नेहमीची अवजारं आत जातच नाहीत. म्हणून अशा मुलाला गुंगी द्यायची तर जिथे नाकातून दुर्बिणीने नळी घालणारी टीम तयार उभी असते आणि अगदीच वेळ आली तर गळ्याला भोक पाडून श्वास चालू करणारा सर्जन हाताशी असतो, तिथेच. नुसत्या स्कॅन सेंटरमधे 'एक चमचा सिरप' अजिबात नाही.

आणि बहुतेक वेळा गुंगी लागतही नाही. आताचे सीटी काही सेकंदांत होतात. साडेचार वर्षांच्या मुलाला आधी एकदा ते मशीन नुसतं दाखवून आणा, घरी बोगद्यात झोपून पुतळा व्हायचा खेळ आठवडाभर खेळा, आमच्याकडे कितीतरी मुलं अशी होतात. अगदी लहान बाळं तर पोटभर पाजून गुंडाळली की झोपेतच स्कॅन होतो.

अजून एक, घोरतो का? झोपेत श्वास अडतो, दचकून उठतो, मान मागे टाकून झोपतो, असं काही? खालचा जबडा लहान राहिलेल्या मुलांत झोपेतला श्वास अडणं खूप दिसतं. असेल तर ऑपरेशनच्या आधी झोपेची तपासणी करून घ्या, कारण अशा मुलांत नुसता सांधा मोकळा केला तर आधीच आखूड असलेला जबडा आणखी मागे सरकून श्वास जास्तच अडू शकतो. तिथे काही सर्जन आधी जबडा लांब करतात, हाड कापून मधे स्क्रूचं यंत्र बसवतात आणि रोज साधारण एक मिमी फिरवत नेतात, मग सांधा.

आणि उलटी. याबद्दल कोणीच सांगत नाही. तोंड उघडत नसलेल्या मुलाला उलटी झाली तर बसवून पुढे वाकवायचं किंवा कुशीवर करायचं, उताणं अजिबात नाही. शाळेत बाईंना हे लिहून द्या. त्याच चिठ्ठीवर 'तोंड ९ मिमी उघडतं, भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाशी बोला' हेही लिहा आणि दप्तरात ठेवा.

निमूट

घोरत नाही फारसा, सर्दी असेल तेव्हाच. चिठ्ठी आजच लिहिली. पुतळ्याचा खेळ सुरू केलाय, जेवणाच्या टेबलाखाली चादर टाकून बोगदा, आत तो आणि त्याची पिवळी जेसीबी.

अंगठेबहाद्दर

व्यनिमधे (खाजगी निरोपात) दोघातिघांनी एफओपीच्या औषधाबद्दल विचारलं म्हणून इथेच लिहितो, अवांतर वाटलं तर सोडून द्या. नवीन सूज आली, विशेषतः जबड्याला किंवा मोठ्या सांध्याला, तर पहिल्या २४ तासांत स्टिरॉइडचा चार दिवसांचा कोर्स सुरू करायचा असतो, तो कागद आमच्या फ्रिजवरच लावलाय. पालोव्हरोटीन नावाची गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मधे मंजूर झाली, मुलींना आठ वर्षांपासून आणि मुलांना दहापासून, त्याआधी नाही, कारण त्याने हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होऊ शकतात, म्हणजे उंची खुंटते. वाढलेलं हाड ती विरघळवत नाही, नवीन कमी येतं. आम्ही अजून ठरवतोय.

तोंड मात्र आहे तसंच राहणार हे मान्य केलंय. लेक त्या फटीतून शीळ घालते, माझ्यापेक्षा बरी.

निमूट

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. सीटी गुंगीशिवाय झाला! मशीन थांबल्यावर पण पुतळा होऊन पडला होता, उठवावं लागलं.

रिपोर्ट असा की दोन्ही सांधे छान आहेत. सांध्यात काहीही जुळलेलं नाही. डाव्या बाजूचं कोरोनॉइड, म्हणजे दाढदुखी यांचं पुढचं शिंग, जास्त लांब आहे आणि गालाच्या हाडाला आतून हाडानेच चिकटलेलं आहे. सर्जननी थ्रीडी चित्र फिरवून दाखवलं, उजवीकडे दोन हाडांच्या मधे काळी फट दिसते आणि डावीकडे ती फटच नाही, एक छोटा पूल आहे. नखाएवढा. त्या नखाएवढ्या पुलाने माझ्या पोराला साडेचार वर्षं धड जांभई देऊ दिली नाही.

म्हणजे त्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे गेलो असतो तर चांगला सांधा उघडून बसलो असतो. आणि दुसऱ्याप्रमाणे गेलो असतो तर दात पडले असते.

सर्जन म्हणाले ते शिंगच काढून टाकायचं, तोंडाच्या आतून, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत चीर देऊन, बाहेर व्रण नाही. शिंग काढल्यावर चावता येणार का विचारलं तर म्हणाले बाकीचे स्नायू आहेत, येतं.

दाढदुखी

उत्तम बातमी, म्हणजे त्यातल्या त्यात. सांधा शाबूत असणं फार मोठी गोष्ट आहे, कारण लहानपणी खालच्या जबड्याची बरीच वाढ त्या मागच्या शिंगाच्या डोक्यावरून होते. सांधाच जुळला असता तर जुळलेलं हाड भरपूर कापा, त्या बाजूचं कोरोनॉइड काढा, तरी ३५ मिमी मिळत नसेल तर दुसऱ्या बाजूचंही काढा, मधे कानशिलाच्या स्नायूवरचा पडदा घाला, नवीन सांधा बरगडीच्या तुकड्याने किंवा हाड लांबवून उभा करा, असा जिना चढावा लागला असता. हा क्रम लिओनार्ड काबान या अमेरिकन जबड्याच्या सर्जननी १९९० साली मांडला, मुलांसाठी २००९ मधे सुधारून लिहिला. बरगडीचा तुकडा पुढे किती वाढेल याचा नेम नसतो, कधी वाढतच नाही, कधी इतका वाढतो की हनुवटी दुसऱ्या बाजूला जाते.

सर्जनना एवढं विचारा की उजवं शिंग किती लांब आहे. मोकळं असलं तरी लांब असेल तर तेही काढावं लागतं.

सोनचाफी

आणि आता काड्या ;) आता तरी लिहू ना? ऑपरेशन करणारे एकदाच करतात, पुढचं सहा महिने-वर्षभर आपणच करायचं असतं. पुन्हा बंद पडलेली जी दोन मुलं मला वॉर्डात भेटली, दोघांच्या घरी महिन्याभरात व्यायाम सुटला होता. पण वाकडंबोट म्हणतात तसं, त्याच्या हातात दे. आम्ही ते केलं नाही. लेक अजूनही पॉप्सिकलची काडी दिसली की खोलीबाहेर जाते.

निमूट

शेवटचं अपडेट देते, बऱ्याच जणांनी विचारलंय.

ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. भुलीसाठी नळी नाकातून दुर्बिणीने घातली, भूलथाप यांनी सांगितलेले सगळे प्रश्न मी यादी करून नेले होते, तिथले भूलतज्ज्ञ हसले आणि म्हणाले आमच्याच कोणीतरी सांगितलेलं दिसतंय. टेबलावर ३४ उघडलं. चौथ्या दिवशी १९, तेव्हा सोनचाफीचा पहिला प्रतिसाद काढून पुन्हा वाचला आणि रडले नाही. उजवं शिंग ठीक होतं, हात लावला नाही.

काड्यांवर त्याने स्केचपेनने जेसीबी काढलीत. एक काडी म्हणजे एक जेसीबी, गॅरेजमधे किती गाड्या मावल्या ते तोच सांगतो. काल सोळा मावल्या. पट्टीने २८. कधी कधी दोन दिवस एक गाडी कमी होते, तेव्हा तो म्हणतो ती सर्व्हिसिंगला गेलीय.

गेल्या मंगळवारी रात्री जांभई दिली त्याने, मोठी, खरी, डोळे मिटून. आणि मला त्याची पडजीभ दिसली. पोटच्या पोराची पडजीभ मी पावणेपाच वर्षांनी पहिल्यांदा बघितली. ह्यांना हाक मारेपर्यंत तोंड मिटलं होतं, मग त्याला म्हटलं बाबांना दाखव, तर म्हणे येत नाहीये आता.

हललेला दात घट्ट झालाय. पण आत दिसायला लागल्यावर दुसरं दिसलं, खालच्या दोन्ही मागच्या दाढा काळ्या आहेत, डावीला खड्डाच आहे. इतकी वर्षं ब्रश पोचतच नव्हता. आता लगेच भरून घेऊ का थांबू? तोंड किती वेळ उघडं धरवेल त्याला?

दाढदुखी

दुखत नसेल, सूज नसेल तर सर्जननी हिरवा कंदील दाखवेपर्यंत थांबा, तोपर्यंत खड्डा वाढू नये म्हणून दाताच्या डॉक्टरांकडून फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, सुई नाही काही नाही. औषधांची गोड सिरपं चालू असतील तर दिल्यावर पाणी प्यायला द्या. सगळ्यात छोट्या डोक्याचा ब्रश आणा आणि झोपायच्या आधी तुम्ही स्वतः घासा, गालाच्या बाजूने आधी, मग आतून. भरायच्या वेळी एकेक दाढ, वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही, मधे मधे मिटू द्यायला सांगा, आणि उघडं ठेवायला रबराचा ठोकळा लावतील तो २८ च्या आतला निवडायला सांगा. त्या दिवशीचा व्यायाम दाढ भरायच्या आधी करा, नंतर नको.

निमूट

ठोकळ्याचं बरं सांगितलंत, लिहून घेते.